नाणेघाटात मागे राहिलेल्या दोघी

शहापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी बदली झाली तेव्हा मी तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली आणि आईला बरोबर घेऊन गावोगाव फिरणारी बाई होते. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या घेतल्या. सकाळी आई माझा डबा भरायची आणि मी दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांना लोकांशी जोडून द्यायचे. भाताचे व्यापारी, डॉक्टर, शाळांचे मुख्याध्यापक, सगळ्यांचे आवाज मला पाठ होते. रस्त्यात भेटले तर चेहरा ओळखू यायचा नाही, पण कोणी दुकानात भाव विचारायला लागला की मला कळायचं, अरे, हे तर आपले गिरणीवाले. त्यांना अर्थातच मी कोण ते कळायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर स्वयंचलित एक्स्चेंज आलं. लोक आपापले नंबर फिरवायला लागले आणि मला बिलांच्या खिडकीवर बसवलं. त्याच पावसाळ्यात आई गेली. भाऊ नाशिकला असतो. तेराव्यानंतर निघताना तो म्हणाला, "तू एकटी कशी राहणार? ये तिकडेच." पण ते तो दारात उभा राहून, चपला पायात सरकवता सरकवता म्हणाला. मीही "बघू" म्हटलं.

रविवार फार लांब असायचा. कपडे धुवायचे, केस धुवायचे, भाजी निवडायची, तरी दुपार उरायचीच. एका रविवारी संध्याकाळी दूध घ्यायला गेले आणि "अर्धा लिटर" म्हणताना आवाज खरखरला. शनिवारी ऑफिस सुटल्यापासून मी एक शब्दही बोलले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं. दूधवाल्याने विचारलं, "सर्दी झाली काय, ताई?" मी हो म्हटलं.

त्याच आठवड्यात वाचनालयाच्या फळ्यावर खडूने लिहिलेली सूचना दिसली. येत्या रविवारी नाणेघाटाची पदभ्रमंती. कल्याणच्या कॉलेजातून निवृत्त झालेले इतिहासाचे एक प्राध्यापक वाट दाखवणार, लेणं आणि शिलालेख समजावून सांगणार. मला इतिहासाचं विशेष काही नव्हतं. पण तो रविवार होता. मी नाव दिलं.

थंडीचे दिवस होते. एस.टी.ची करारावरची गाडी वाचनालयासमोर उभी होती आणि सगळे जोडीजोडीने चढत होते. शिक्षक नवराबायको, कॉलेजातल्या मुली, दोन कुटुंबं मुलाबाळांसह. मी खिडकीजवळ बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. गाडी सुटायच्या बेताला असताना वाचनालयातला शिपाई एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून वर घेऊन आला. ती त्याची आई. नऊवारी लुगडं, पायात रबरी चपला, खांद्याला कापडी पिशवी, आणि ती पिशवी एका दिवसासाठी फारच फुगलेली.

शिपाई प्राध्यापकांना म्हणाला, "सर, ही ऐकतच नाही. नाणेघाट म्हटल्यापासून मागे लागलीय. मला आज सुट्टी नाही. जमेल तेवढी चालेल, नाहीतर खाली गाडीत बसेल."

"चालेल की," सर म्हणाले. "घाटातल्या गणपतीच्या दर्शनाला येताहेत वाटतं?"

 म्हातारी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "हितं कोन बसलंय का, बाई?"

"नाही, बसा ना."

"तुमी एकट्याच?"

"हो."

"मंग बरं झालं," असं म्हणून ती बसली. तिच्या लुगड्याला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येत होता. मी तिला मावशी म्हणायला लागले.

गाडी सापगाव ओलांडून किन्हवलीच्या रस्त्याला लागली तोपर्यंत मागच्या बाकांवर भेंड्या सुरू झाल्या होत्या. भातं निघून गेली होती. शेतात नुसते कापलेले बुंधे आणि मध्ये मध्ये रचलेल्या भाऱ्यांच्या उडव्या. सरळगावाला चहासाठी थांबलो तेव्हा मावशी खाली उतरली नाही. धसईकडे जाणारा रस्ता दिसला तेव्हा ती हात करून म्हणाली, "त्या अंगाला माझं सासर." सासरे, दीर, नवरा, सगळे गेले. घर एका पावसात बसलं. शेत पुतणे कसतात. मुलगा तिला शहापूरला घेऊन आला त्यालाही काही वर्षं झाली होती. हे सगळं तिने एवढ्याच शब्दांत सांगितलं आणि मग वैशाखरे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. खिडकी माझी होती, म्हणून ती माझ्यावरून बघत होती.

रस्त्याच्या कडेला उतरून आम्ही रानात शिरलो. सर पुढे. बुटके, पांढऱ्या मिशांचे, हातात वेताची काठी. त्यांनी पहिल्याच वळणावर सगळ्यांना उभं केलं आणि समोरच्या डोंगराची कड दाखवली. अंगठ्यासारखा वर आलेला कडा आणि त्याच्या शेजारी डोंगराला पडलेली फट. त्या फटीतून दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी तांडे जात-येत. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून याच वाटेने वर जुन्नरकडे आणि पुढे पैठणला. "आज आपण ज्या दगडांवर पाय देतोय," सर म्हणाले, "ते कोणी कोणी झिजवलेत, विचार करा." मुलींनी खाली दगडांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

चढण सुरू झाल्यावर घोळका लांबत गेला. मुलं पुढे पळाली, कुटुंबं मध्ये, मागे मी, आणि माझ्याही मागे मावशी. सर एकदा मागे येऊन म्हणाले, "तुम्ही यांच्याबरोबर थांबाल का? म्हणजे मला काळजी नाही." मी म्हटलं थांबते. नाहीतरी माझ्याबरोबर कोणी नव्हतं. पुढून हसण्याचे आवाज येत, मग झाडीत विरून जात, आणि मग फक्त मावशीच्या चपलांचा आवाज उरे.

ती थकून थांबत नव्हती. पाच-पन्नास पावलं चालायची, उभी राहायची, इकडे तिकडे बघायची, पुन्हा चालायची. एका ओढ्याच्या कोरड्या पात्राशी ती खडकावर बसली. मी पाणी दिलं.

"झेपतंय ना, मावशी? नाहीतर आपण इथूनच परत जाऊ."

"परत कशाला?" ती म्हणाली. "माझं म्हायेर हाय वर."

मला आधी नीट कळलं नाही. मग तिने सांगितलं. घाट संपला की वर पठार लागतं, त्या पठारावर घाटघर नावाचं गाव आहे, तिथली ती. न्हाण आलं त्याच वर्षी तिचं लग्न झालं. लग्न वर लागलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे वऱ्हाड तिला घेऊन हाच घाट उतरलं. पुढे वाजंत्री, मागे बायका, मध्ये ती. नवी जोडवी चावत होती म्हणून तिने ती काढून पदराला बांधली आणि अनवाणी उतरली. बाप घाटाच्या तोंडापर्यंत आला आणि तिथेच बसला. "मी मागं वळून बघितलं," मावशी म्हणाली, "पन कातळाच्या नळीत शिरलं की वरचं काय दिसत नाय."

सुरुवातीची वर्षं दिवाळीला भाऊ खाली यायचा आणि ती त्याच्याबरोबर वर जायची. पोरं कडेवर घेऊनही गेली. मग पोरं मोठी झाली, शेताची कामं वाढली, भाऊ गेला. आई गेली ती ऐन पावसात. घाट बंद होता, निरोप आला तोवर दहावा होऊन गेला होता. पुढे माळशेजवरून गाड्या सुरू झाल्या, जुन्नरला जाऊन तिथून गाव गाठता आलं असतं. पण दोन-तीन गाड्या बदलून तिला घेऊन जायला कोणाला वेळ नव्हता. दर वर्षी पुढच्या वर्षी जाऊ म्हणायचे. शेवटची गेली तेव्हा आता नोकरीला लागलेला हा मुलगा बोट धरून चालत होता.

"आता कोण आहे तिकडे?" मी विचारलं.

"बहीन. धाकटी. गावातच दिली तिला." मग म्हणाली, "हाय का नाय, ते ठावं नाय."

 इतकी वर्षं मी दिल्लीपासून दुबईपर्यंत कोणाकोणाला जोडून दिलं होतं, आणि ही बाई माझ्यापासून चार गल्ल्या सोडून राहत होती. पण त्या गावाला तेव्हा टेलिफोनची तारच गेलेली नव्हती. मला सांगूनही उपयोग झाला नसता.

"मुलाला सांगितलंत, बहिणीकडे जायचंय म्हणून?"

"सांगितलं तर पुढल्या वर्षी म्हनाला असता." ती उठली, लुगडं झटकलं. "पोरगा चांगला हाय. सून बी चांगली. दोगं सकाळी जातात, नातू शाळंत. मी दार लावून बसते. खालच्या बाया टीवी बघतात. बोलायचं कोनाशी, बाई? भिताडाशी?"

 आम्ही चालायला लागलो.

लेण्याशी पोचलो तेव्हा सगळ्यांचे डबे उघडले होते. सर आमच्यासाठी थांबले होते असं नाही, पण आम्ही आल्यावर त्यांनी पुन्हा एकदा थोडक्यात सांगितलं. मोठी चौकोनी खोली, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत कोरलेली ब्राह्मी अक्षरं. एका राणीने केलेल्या यज्ञांची, दान दिलेल्या गाईंची, हत्तींची नोंद. मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, राजा, राणी, राजपुत्र. वर त्यांची नावं कोरलेली. मूर्ती काळाच्या ओघात गेल्या. सरांनी काठीने खाली दाखवलं. काही ठिकाणी पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. कॉलेजातल्या मुलींनी फोटो काढले. मी त्या दगडातल्या पावलांसमोर जरा वेळ उभी राहिले. वर नाव, खाली पाय, आणि मध्ये सपाट भिंत.

मावशी आत आली नाही. ती बाहेर बसून भाकरी खात होती. "आमी याला पांडवाचं घर म्हनायचो," एवढंच म्हणाली. "पावसाचं हितं बकऱ्या घेऊन बसायचो."

लेण्यापासून वर दगडी पायऱ्यांची अरुंद नळी आहे, दोन्ही बाजूंना उंच कातळ. तिथे मात्र मावशी पुढे निघाली आणि मी मागे राहिले. वारा नळीतून खाली येत होता, त्यात तिचा पदर मागे फडफडत होता, आणि ती एका हाताने कातळाला धरून, एकदाही न थांबता, वर गेली.

माथ्यावर जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे. सगळे त्याच्याभोवती जमले. सर बोलत होते, मुलं रांजणात डोकं घालून ओरडत होती. मी कड्याकडे गेले. खाली सगळं मुरबाड पसरलं होतं, पिवळी शेतं, मध्ये मध्ये घरांचे पुंजके, धूर. माझी खोली कुठल्या दिशेला असेल याचा अंदाज बांधत उभी राहिले. मागून सरांनी हाक मारली, "चला, उन्हं कलायच्या आत खाली पोचायचंय." माणसं मोजायला घेतली तेव्हा मावशी नव्हती.

मला लगेच कळलं. पठारावर बरंच लांब तिचं हिरवं लुगडं दिसत होतं. मी धावत गेले. ती माझ्या पायांच्या आवाजानेही थांबली नाही, मी बरोबरीने चालायला लागले तेव्हा बोलली.

"तुमी जा, बाई. मी घरी चालले."

"मावशी, असं कसं? मुलाला काय सांगायचं?"

"सांगा, आई म्हायेराला गेली. लुगडी आनल्यात मी दोन." तिने पिशवीवर थाप मारली.

तोवर सर धापा टाकत येऊन पोचले. ते चिडले नाहीत, घाबरले होते. "आजी, तुमच्या मुलाने तुम्हाला माझ्यावर सोपवलंय. एकटं कसं सोडू? अन् बहीण तिथे नसली तर?"

"नसली तर भाचं असतील."

"आणि तेही नसले तर?"

मावशीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. ती परत फिरणार नव्हती. मागे लोक ताटकळले होते, कोणीतरी घड्याळ दाखवून हाका मारत होतं.

मी म्हटलं, "मी जाते यांच्याबरोबर. उद्या रजा टाकीन. यांना पोचवून सकाळी उतरेन."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "नक्की? रानातून एकट्या याल?"

"वाट एकच आहे. येईन."

त्यांनी आपली बॅटरी आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग खिशातून पेन काढत म्हणाले, "तुमच्या घरी कोणाला निरोप द्यायचा? काळजी करतील."

"कोणाला नाही," मी म्हटलं.

 त्यांनी पेन पुन्हा खिशाला लावलं आणि "सांभाळून या" म्हणाले. मी दूरवर उभ्या असलेल्या त्या घोळक्याकडे पाहिलं. कोणी हात हलवला नाही. त्यात त्यांचा काही दोष नव्हता, सकाळपासून मी त्यांच्यातल्या कोणाशी बोलले नव्हते. पण कोणीतरी एकदा तरी म्हणावं, अहो, तुम्ही कशाला, असं मला वाटलं खरं.

पठारावरून गावापर्यंत बरंच चालायचं होतं. उजव्या हाताला एक उंच किल्ला आमच्याबरोबर चालल्यासारखा दिसत राहिला. आता मावशी बोलायला लागली होती. ही बापाची खाचरं, हे टाकं, इथे एकदा तरस आलं होतं. काही गोष्टी तिला सापडत नव्हत्या. एक आंब्याचं झाड ती फार वेळ शोधत राहिली. मग तिने शोधणं सोडलं आणि पाय उचलले.

गावात शिरलो तेव्हा घरांच्या सावल्या लांब झाल्या होत्या. दारातल्या बायका आमच्याकडे बघायच्या आणि मला विचारायच्या, "कोनाकडं?" मावशीला कोणी ओळखलं नाही. तिने बहिणीच्या नवऱ्याचं नाव सांगितलं तेव्हा एका पोरसवदा सुनेने शेवटच्या घराकडे बोट केलं. मी तिला विचारणार होते, म्हातारी आहे का घरात म्हणून. मावशीने माझा दंड धरला. "नका विचारू," ती म्हणाली. "जाऊन बघू."

शेवटच्या घराच्या अंगणात एक बारकी म्हातारी सुपाने नाचणी पाखडत बसली होती. आम्ही अंगणाच्या कडेला उभ्या राहिलो. मावशी पुढे जाईना. सूप थांबलं.

"कोन हाय?" म्हातारीने डोळ्यांवर हात धरून विचारलं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, माझ्या साडीकडे, चपलांकडे. मग मावशीकडे.

मावशीने एक नाव घेतलं. लहानपणी घरात हाक मारायचं नाव असावं, छोटंसं, दोन अक्षरांचं. त्या म्हातारीला त्या नावाने हाक मारणारं जगात दुसरं कोणी उरलं नसणार.

सूप तिच्या मांडीवरून घसरलं, नाचणी सांडली.

"तू तं मेलीस म्हनं," ती म्हणाली.

"कोन म्हनालं?"

"बाजारात कुनीतरी सांगितलं. धसईकडली गेली म्हनं. मी सुतक धरलं तुझं."

"मंग आंघोळ केलीस का नीट?"

 मग धाकटी उठली आणि मावशीजवळ आली, आणि गळ्यात पडण्याऐवजी तिने तिचा हात उलटासुलटा करून पाहिला, बांगड्या चाचपल्या, कोपरावरचा एक जुना व्रण शोधून त्यावर बोट फिरवलं. त्यानंतर ती खाली बसली आणि सांडलेली नाचणी गोळा करायला लागली. मावशीही बसली. दोघी मिळून मातीतले दाणे वेचू लागल्या. रडत होत्या की नाही मला दिसलं नाही, दोघींची तोंडं खाली होती.

मी अंगणाच्या कडेलाच उभी होते. बऱ्याच वेळाने धाकटीचा मुलगा शेतावरून आला तेव्हा त्याने मला बसायला घोंगडी दिली आणि चहा आणायला सांगितलं.

ती माणसं फार चांगली होती. त्यांनी मला गरम भात वाढला, घरातली नवी गोधडी दिली. पण संध्याकाळभर दोघी बहिणी चुलीपाशी बसून बोलत होत्या, आणि मी त्या बोलण्यात कुठेच नव्हते. कोण कधी मेलं, कोणाची म्हैस, कोणाची सून. एकीने अर्धं वाक्य सोडलं की दुसरी पुरं करायची. दिवसभर माझ्याशी तुटक बोलणारी मावशी आता थांबतच नव्हती. मी भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांच्या घरात परकं वाटल्याचं दुःख नव्हतं, मी परकीच होते. वाईट याचं वाटलं की माझं मेल्याचं खोटं कोणी बाजारात सांगितलं, तर ऐकून सुतक धरणारं कोण, असा विचार मनात आला आणि मला भावाशिवाय दुसरं माणूस आठवेना. भावालाही बातमी ऑफिसातून गेली असती.

सकाळी मी निघाले तेव्हा मावशी शेण गोळा करत होती. ती हात धुऊन आली.

"तुम्ही कधी येणार खाली?" मी विचारलं. "मुलाला काय सांगू?"

"सांगा, होळीपत्तोर ऱ्हाते. मंग बघू." माझ्या हातात तिने फडक्यात बांधलेली भाकरी दिली. "पोरी, तुला कोन न्हाय का गं?"

काल बाई होते, आज पोरी झाले. मी म्हटलं, "भाऊ आहे नाशिकला."

"मंग जात जा भावाकडं," ती म्हणाली. "बोलावलं नाय तरी जावं. बोलवायची वाट बघत बसलं का वरसं जातात."

धाकटीने आतून तिला हाक मारली आणि ती वळली.

घाट मी एकटीने उतरले. नळीतून खाली येताना पायऱ्या ओल्या वाटत होत्या, रात्रीच्या दवाने असेल. लेण्यात शिरले. कालच्या माणसांनी टाकलेल्या संत्र्याच्या साली कोपऱ्यात होत्या. त्या मी पिशवीत भरल्या. भिंतीवरची अक्षरं काल सरांनी वाचून दाखवली होती, आज ती नुसत्या रेघा झाल्या होत्या. मी तिथे बसून भाकरी खाल्ली. मला भीती वाटली नाही. पण इतकी शांतता मी त्यापूर्वी कधी ऐकली नव्हती, आणि माझ्या खोलीतली शांतता हिच्यापुढे काहीच नाही असं वाटून मला आश्चर्य वाटलं. खालचं रान उतरताना एक मोळीवाली भेटली. तिने विचारलं, "तुमची मानसं कुटं?" मी म्हटलं, पुढे गेली.

रस्त्यावर नगरहून कल्याणला जाणारी गाडी मिळाली. सरळगावाला उतरून मी दुसऱ्या गाडीने शहापूरला आले आणि तशीच वाचनालयात गेले. शिपाई वर्तमानपत्रं टेबलावर लावत होता. रात्रीच सरांनी त्याला सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "बहीण आहे. बरी आहे. होळीपर्यंत राहते म्हणाल्या."

तो वर्तमानपत्राची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत राहिला. "धाकटी मावशी जिवंत आहे होय?" म्हणाला. मग, "आईने मला विचारायला पाहिजे होतं."

"विचारलं असतं तर नेलं असतंत?"

त्याने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "एवढ्यात नसतं जमलं," तो म्हणाला. वर्तमानपत्र बाजूला ठेवून त्याने विचारलं, "जेवली का नीट?"

"दोघी एका ताटात जेवल्या," मी सांगितलं.

होळी झाली, मावशी आली नाही. मुलगा उन्हाळ्यात माळशेजवरून जाऊन भेटून आला. नंतर दर वर्षी जायला लागला, बायकोला, मुलाला घेऊन. मावशी एकदाच खाली आली, नव्या नातीच्या बारशाला, आणि आठवडाभरात परत गेली. काही वर्षांनी ती तिकडे वरच वारली. मुलाने मला खिडकीशी येऊन सांगितलं. त्याच्यामागे बिल भरणाऱ्यांची रांग नव्हती त्या दिवशी, म्हणून तो जरा वेळ उभा राहिला.

मी मात्र तिचं ऐकलं. न बोलावता नाशिकला जायला लागले. पहिल्या वेळी वहिनी गोंधळली, काय झालं म्हणून दोनदा विचारलं. काही झालं नाही, आले, असं म्हणायला मला फार जड गेलं. पुढे सवय झाली, त्यांना आणि मलाही. एकटेपण त्याने गेलं असं नाही. रविवार अजूनही लांबच असायचे, पण महिन्यातला एखादा कमी व्हायचा.

दोन हजारच्या दशकात, ऑफिसातल्या लोकांनी गाडी करून जुन्नरकडे सहल काढली तेव्हा मी पुन्हा त्या पठारावर गेले. आता नाणेघाटाच्या तोंडापर्यंत डांबरी रस्ता झाला होता. रांजणाशी वेफर्सच्या पिशव्या उडत होत्या, माणसं गाड्यांतून उतरून फोटो काढत होती. बाकीचे कड्यावर गेले तेव्हा मी ड्रायव्हरला मला मागे घाटघरात सोडायला सांगितलं.

शेवटच्या घराला पत्रे चढले होते. अंगणात धाकटी बसली होती, एकटी, कमरेत पार वाकलेली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला दिसत होता. मी समोर जाऊन उभी राहिले.  आत कोणी नव्हतं, सगळे रानात गेले असावेत.

"आजी, ओळखलंत का?" मी विचारलं.

तिने मान वर केली, माझ्या साडीच्या रंगाकडे बघितल्यासारखं केलं. रोज इतकी माणसं त्या रस्त्याने जात होती. तिने तांब्या पुढे सरकवला.

"पानी प्या, बाई," ती म्हणाली. "लेनं हितं नाय. लेनं त्या अंगाला हाय, सरळ जा, मानसं दिसतील."

मी पाणी प्याले, तांब्या उपडा घातला, आणि तिने हात केला त्या बाजूला चालायला लागले.